एका नाण्यावरून काळ ठरत नाही : दामोदर धर्मानंद कोसंबी

दर वर्षी २९ जून हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा हा जन्मदिवस. २००७ सालापासून सरकारने तो संख्याशास्त्राच्या नावाने राखून ठेवला आहे. योगायोग असा, की १९६६ साली याच तारखेला पुण्यात आणखी एका माणसाचे निधन झाले. त्यांनीही संख्याशास्त्रात मोठे काम केले होते, पण ते शास्त्र शिकण्यासाठी ते कोणत्याही वर्गात बसले नव्हते. एक तराजू, नाण्यांचा ढीग आणि वजनांचे तक्ते एवढ्या साधनांवर त्यांनी ते स्वतःचे स्वतः शिकून घेतले. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

मराठी घरांत कोसंबी हे नाव इतिहासकार म्हणून ऐकलेले असते. गणिताच्या विद्यार्थ्यांना ते गणितज्ञ म्हणून माहीत असतात. या दोन्हींच्या मधला दुवा संख्याशास्त्र होता, हे फारसे कोणी सांगत नाही. शिवाय त्यांच्या या कामाची पहिली फळे छापून आली ती आपल्याच शहरातून, बेंगळुरूतून निघणाऱ्या नियतकालिकात. आपल्यापैकी पुष्कळ जण विज्ञान शाखा घेणार आहेत. त्यांना सरासरी आणि प्रमाण विचलन या गोष्टींशी गाठ घालावीच लागेल. म्हणून या वर्षीच्या मराठी पानासाठी मी हे चरित्र निवडले.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे गाढे अभ्यासक. बुद्धाचा धर्म मुळातून समजावा म्हणून ते तरुणपणी घर सोडून निघाले आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे देश पालथे घालून आले. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. ज्ञान हवे असेल तर उठून चालू लागायचे, कोणी आणून देईल याची वाट पाहायची नाही, हा धडा दामोदर यांना घरातच मिळाला.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करण्यासाठी धर्मानंद १९१८ साली निघाले, तेव्हा त्यांनी मुलालाही बरोबर नेले. दामोदर तेव्हा ११ वर्षांचे होते. आपल्यापैकी बरेच जण साधारण त्याच वयात ट्रंक घेऊन वसतिगृहात आलो, त्यामुळे त्या वयात घर सुटणे म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. दामोदर यांचे तर घरही सुटले आणि देशही. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मग त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळवली. गणित हा त्यांचा मुख्य विषय, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषाही त्यांनी आपल्याशा केल्या. संस्कृत आणि पालीचा वारसा घरचाच होता.

त्याच वर्षी ते भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. अलिगढला आंद्रे वेय हे तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागाचे प्रमुख होते. त्यांनीच कोसंबींना तेथे बोलावून घेतले. १९३३ साली कोसंबी पुण्याला आले आणि ज्या फर्ग्युसन कॉलेजात वडिलांनी पाली शिकवली होती तेथेच गणित शिकवू लागले. पुढची १२ वर्षे त्यांनी तेथे काढली. भूमितीच्या एका अवघड शाखेत त्यांचे संशोधन चालू होते आणि १९३४ साली त्यांना रामानुजन पारितोषिकही मिळाले.

अशा माणसाला संख्याशास्त्राचा प्राथमिक धडा गिरवण्याची काय गरज होती, असे कोणाच्याही मनात येईल. त्यासाठी तो काळ समजून घ्यायला हवा. संख्याशास्त्र त्या वेळी जगातच नवे होते. इंग्लंडमध्ये कार्ल पिअरसन आणि रोनाल्ड फिशर यांनी त्याची हत्यारे घडवली होती. शेतातील पीक, माणसांची उंची, औषधाचा गुण अशा अनेक प्रश्नांना ती लागू पडत होती. भारतात महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली. पण बहुतेक कॉलेजांत हा विषय शिकवलाच जात नव्हता. पुण्यात बसून कोणाला तो शिकायचा असेल तर पुस्तके मागवायची आणि आपली आपण वाट काढायची, एवढाच मार्ग होता. हिशेब करायला आजच्यासारखे कॅल्क्युलेटर नव्हते. वर्ग, वर्गमूळ, बेरजा सगळे हाताने किंवा तक्ते पाहून करावे लागे.

कोसंबींना सूत्रे कळायला वेळ लागला नसणार, कारण ते गणिताचे प्राध्यापकच होते. मात्र सूत्र कळले म्हणजे शास्त्र आले असे त्यांनी मानले नाही. एखादा खरा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवल्याशिवाय हे शास्त्र हाती लागणार नाही, असे त्यांनी ठरवले. प्रथम त्यांनी परीक्षेच्या गुणांचा अभ्यास केला. शिक्षकाच्या हाताशी सहज असणारी आकडेवारी तीच. पण त्यांच्या मनाने खरी पकड घेतली ती दुसऱ्याच एका प्रश्नाची : जुन्या नाण्यांच्या वजनावरून त्यांचा काळ सांगता येईल का?

आपल्या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांना आहत नाणी म्हणतात. चांदीच्या पत्र्याचे तुकडे ठराविक वजनाचे कापायचे आणि त्यांच्यावर ठोकून छाप उमटवायचे, अशी ती बनत. त्यांच्या दर्शनी बाजूला सूर्य, प्राणी, डोंगर, झाड अशी साधारण पाच चिन्हे असतात. पाठीवर काही बारीक खुणा असतात, तर काहींच्या पाठीवर काहीच नसते. राजाचे नाव नाही, सालही नाही. कार्षापण या प्रमुख नाण्याचे वजन ३२ गुंजा धरत, म्हणजे आजच्या मापाने साधारण ३.४ ग्रॅम. नाणी हजारोंनी सापडली होती, पण ती कोणाची आणि कधीची हे त्यांच्यावरून वाचता येत नव्हते.

रावळपिंडीजवळच्या तक्षशिलेत उत्खननात या नाण्यांचे मोठे साठे मिळाले होते. १९२४ साली मिळालेल्या साठ्यात हजाराहून जास्त आहत नाणी होती. त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिपची अगदी कोरी दिसणारी नाणीही होती. त्यामुळे हा साठा इसवी सनापूर्वीच्या ३१७ सालाच्या आसपास पुरला गेला असावा असा अंदाज करता येत होता. दुसऱ्या एका साठ्यात डायोडोटस या ग्रीक राजाचे नाणे मिळाले होते. म्हणजे तो साठा बऱ्याच नंतरचा. वॉल्श नावाच्या अभ्यासकाने या नाण्यांची तपशीलवार यादी केली होती आणि ती १९३९ साली पुरातत्त्व खात्याने छापली. प्रत्येक नाण्याची चिन्हे आणि वजन त्यात होते. आकडे सगळ्यांसमोर होते. त्यांना योग्य प्रश्न विचारण्याचे काम कोसंबींनी केले.

त्यांची कल्पना साधी होती. नाणे हातातून हातात फिरते, पिशवीत घासते, मोजताना एकमेकांवर आपटते. दर वेळी चांदीचा नजरेला न दिसणारा कण झिजतो. थेंबे थेंबे तळे साचे, तसेच कणाकणाने नाणे हलके होत जाते. जास्त वर्षे फिरलेले नाणे जास्त हलके असणार. म्हणजे वजन हे घड्याळ होऊ शकते.

पण येथेच मोठी अडचण आहे. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. एखादे नाणे सावकाराच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून राहते, तर त्याच दिवशी ठोकलेले दुसरे बाजारात रोज दहा हात बदलते. शिवाय टांकसाळीतून निघतानाही सगळ्यांचे वजन अगदी तंतोतंत नसते. त्यामुळे एक नाणे उचलून, ते हलके आहे म्हणून जुने, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर सारखा शिजलेला असतो. नाण्यांचे तसे नाही. येथे एका शितावर विसंबले तर फसगत ठरलेली. एकटे नाणे काळाबद्दल गप्पच असते. बोलतो तो नाण्यांचा समूह.

समूह कसा बोलतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा टांकसाळीतून नुकतीच आलेली पाच नाणी आहेत आणि त्यांची वजने मिलिग्रॅममध्ये ३३९०, ३४००, ३४००, ३४०० आणि ३४१० अशी आहेत. यांची सरासरी ३४००. आता प्रत्येक नाणे सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे. दोन नाणी १० मिलिग्रॅमने दूर आहेत, बाकीची शून्याने. या फरकांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. १०० अधिक १०० म्हणजे २००. भागिले ५ म्हणजे ४०. त्याचे वर्गमूळ सुमारे ६. हे झाले प्रमाण विचलन.

आता बरीच वर्षे बाजारात फिरलेली दुसरी पाच नाणी घेऊ : ३२००, ३२५०, ३३००, ३३५० आणि ३४००. यांची सरासरी ३३००. फरक १००, ५०, ०, ५० आणि १००. वर्गांची बेरीज २५,०००. भागिले ५ म्हणजे ५०००. वर्गमूळ सुमारे ७१. दोन्ही ढीग शेजारी ठेवा. सरासरी फक्त १०० मिलिग्रॅमने उतरली, पण पसारा ६ वरून ७१ वर गेला. जुन्या ढिगातले सर्वांत जड नाणे तर नव्या ढिगाच्या सरासरीइतकेच भरते. ते एकटे हाती आले असते तर आपण त्याला नवे समजून बसलो असतो. ढीग पाहिला म्हणूनच वय दिसले. सरासरी घटणे आणि पसारा वाढणे, काळाच्या या दोन खुणा आहेत आणि त्या जोडीने वाचाव्या लागतात.

कॅडेटना हे फायरिंग रेंजवरून लगेच पटेल. पॉइंट टू टू रायफलने पाच राउंड मारले की उस्ताद आधी ग्रुपिंग पाहतात. पाचही गोळ्या एका रुपयात मावतील अशा लागल्या, पण टार्गेटच्या डाव्या कोपऱ्यात लागल्या, तर नेम धरणारा चांगला आहे, साइट सुधारायला हवी. उलट गोळ्या चारी बाजूंना विखुरल्या आणि त्यांचा मध्य मात्र नेमका बुलवर आला, तर त्या मध्याचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. मध्य कोठे आहे आणि पसारा किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसती सरासरी सांगणारा अर्धीच गोष्ट सांगतो. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे एवढ्या माहितीवर कोणताही शहाणा अधिकारी तुकडी पाण्यात उतरवणार नाही.

आता कोसंबींच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. झिजेने सरासरी घटते आणि पसारा वाढतो, हा तर्क पटण्यासारखा आहे. पण तर्क पटला म्हणजे तो खरा ठरत नाही. तक्षशिलेच्या नाण्यांवर तो तपासणार कसा? त्यांचे वय तर माहीतच नाही. तेच शोधायचे आहे. जे शोधायचे तेच गृहीत धरले तर गोल फिरून आपण पुन्हा सुरुवातीला येऊ.

म्हणून कोसंबींनी आधी आपल्या काळातली, चालू चलनातली नाणी घेतली. या नाण्यांवर टांकसाळीचे साल छापलेले असते. म्हणजे ते नाणे किती वर्षे फिरत आहे हे आधीच माहीत. अशी हजारो नाणी त्यांनी मिळवली आणि सूक्ष्म तराजूवर एकेक करून तोलली. सालवार ढीग केले, प्रत्येक ढिगाची सरासरी आणि पसारा काढला. जसजसे साल मागे जाते तसतशी सरासरी उतरते आणि पसारा वाढतो, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. जेथे उत्तर ठाऊक आहे तेथे पद्धत आधी पारखून घ्यायची आणि मगच ती अज्ञात प्रश्नाला लावायची. प्रयोगशाळेत आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो हाच.

हजारो नाणी तोलणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. नाणे पुसायचे, पारड्यात ठेवायचे, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे, आकडा लिहायचा, नाणे उचलायचे, पुढचे घ्यायचे. यात बुद्धिमत्तेची चमक दाखवायला कोठेही वाव नाही. हार्वर्डमधून सर्वोच्च सन्मान घेऊन आलेला, अवघड भूमितीत नाव कमावलेला माणूस हे काम करत बसला. कंटाळून शेवटची शंभर नाणी अंदाजाने लिहिली असती तरी कोणाला कळले नसते. पण मग निष्कर्षात झीज किती आणि आपला आळस किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

पद्धत पारखून झाल्यावर तक्षशिलेची नाणी बोलू लागली. जुन्या साठ्यात त्यांना एक सुरेख संबंध दिसला. नाण्यांच्या पाठीवरच्या बारीक खुणा मोजल्या आणि खुणांच्या संख्येप्रमाणे ढीग केले, तर खुणा जितक्या जास्त तितकी त्या ढिगाची सरासरी कमी, असा सरळ उतार मिळत होता. म्हणजे या खुणा पुसट झालेली नक्षी नव्हेत. नाणी चलनात असताना ठराविक काळाने कोणीतरी ती तपासत होते आणि तपासल्याची खूण पाठीवर ठोकत होते. हे काम व्यापारी आणि सराफ करत असावेत असे कोसंबींनी मांडले. त्यांच्या तराजूने जवळजवळ २३०० वर्षांपूर्वीच्या सराफाचा हात दाखवून दिला.

नंतरच्या साठ्यातील नाण्यांत तांब्याची भेसळ जास्त आणि वजनांतही विषमता जास्त आढळली. मोठ्या राज्याचा वाढता खर्च आणि पैशाची ओढाताण यांच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. लेख नाही, शिलालेख नाही, तरी नुसत्या वजनांच्या पसाऱ्यातून एका राज्याच्या तिजोरीची अवस्था त्यांना दिसू लागली.

हे काम छापून आले ते बेंगळुरूतून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये. १९३२ साली आपल्या शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेले हे नियतकालिक आजही चालू आहे. आहत नाण्यांच्या वजनांविषयी कोसंबींचे लेख त्यात १९४० साली आले. चलनात फिरल्याने धातूच्या नाण्याच्या वजनावर काय परिणाम होतो, याविषयीचा लेख १९४२ साली आला. नाण्यांवरचे लेख विज्ञानाच्या नियतकालिकात येणे त्या काळी नवलाचेच होते. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यातले गणित परके वाटे आणि गणितज्ञांना नाणी. कोसंबींनी दोघांनाही एका टेबलावर बसवले.

त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना पटले, असे मात्र नाही. नाण्यांच्या काही अभ्यासकांनी त्यांच्याशी वाद घातला आणि त्याला कारणेही होती. साठा म्हणजे बाजारातल्या नाण्यांचा नीट ढवळून घेतलेला नमुना असेलच असे नाही. साठवणारा माणूस चांगली, जड नाणी निवडून ठेवू शकतो. जड नाणी वितळवून चांदी काढून घेणारेही असतातच. मग उरलेला ढीग झिजेची नव्हे तर निवडीची गोष्ट सांगेल. प्रमाण विचलन कितीही अचूक काढले तरी नमुना कोठून आला या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. संख्याशास्त्राची ही मर्यादा पहिल्या धड्यातच शिकलेली बरी. वाद झाले तरी एक गोष्ट कायम राहिली. वजनांचे तक्ते नुसते छापून ठेवण्यासाठी नसतात, त्यांना नीट प्रश्न विचारता येतात, हे कोसंबींनी दाखवून दिले.

शिकण्यासाठी हाती घेतलेला हा विषय त्यांना फार पुढे घेऊन गेला. १९४३ साली त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातील कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव या दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि आज काही ठिकाणी तिला कोसंबींचेही नाव जोडतात. आवाजाची नोंद, चित्रे, वाऱ्याचे आणि पाण्याचे प्रवाह यांच्या आकडेवारीतून मुख्य आकार वेगळे काढण्यासाठी ती वापरली जाते. १९४४ साली त्यांनी जीवशास्त्राला हात घातला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे डोळ्यांनी मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून वेगळी होतात यावरून अंदाज करावा लागतो. हा अंदाज अधिक बरोबर कसा करायचा याचे एक सूत्र त्यांनी दिले. ते लंडनच्या एका संशोधनपत्रिकेत छापून आले. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे शास्त्रज्ञ आजही कोसंबींचे सूत्र म्हणून ते वापरतात. ज्याने हे शास्त्र आपले आपण शिकून घेतले, त्याचेच नाव त्या शास्त्रातल्या एका सूत्राला मिळाले.

१९४५ साली होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. तिची सुरुवातही बेंगळुरूत, विज्ञान संस्थेच्या आवारात झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईला गेली. भाभांनी कोसंबींना तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. १९६२ पर्यंत ते त्या संस्थेत होते. घर पुण्यात आणि काम मुंबईत. डेक्कन क्वीनने जाणे-येणे हा त्यांचा नित्यक्रम होता.

दरम्यान नाण्यांनी एक नवाच प्रश्न उभा केला होता. ही नाणी पाडली कोणी? कोणत्या राजांनी, कोणत्या समाजाने, कशासाठी? याचे उत्तर तराजूकडे नव्हते. त्यासाठी कोसंबी जुन्या ग्रंथांकडे वळले. संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांची तुलना करताना त्यांनी तीच शिस्त पाळली. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ साली निघाली. ग्रंथही पुरे पडेनात तेव्हा ते पायी निघाले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, कार्ल्याची लेणी, जुन्या वाटा, खेड्यांतले देव हे सगळे त्यांनी स्वतः फिरून पाहिले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाने राजांच्या यादीपेक्षा लोकांच्या जगण्याच्या साधनांकडे पाहायला इतिहासकारांना शिकवले. स्वभावाने ते तिखट होते, मतेही ठाम होती आणि त्यांच्याशी मतभेद असणारे आजही आहेत. पण त्यांनी पुरावा स्वतः हाताळल्याशिवाय मत दिले, असे त्यांचे विरोधकही म्हणत नाहीत.

शेवटच्या वर्षांत ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करत होते. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. ५९ वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मित्रांनो, दहावीच्या पुस्तकात आपल्याला सरासरी, मध्यक आणि बहुलक भेटतात. अकरावीला प्रमाण विचलन येते. प्रश्नाखाली तक्ता छापलेला असतो, त्यातले आकडे कोणीतरी आधीच जमवलेले असतात आणि पाठीमागच्या पानावर उत्तर असते. त्यामुळे हा धडा केवळ आकडेमोड आहे असे वाटते. कोसंबींच्या चरित्रात हे तिन्ही आधार काढून घेतलेले दिसतात. प्रश्न त्यांनी स्वतः शोधला, आकडे स्वतः तोलून मिळवले आणि उत्तर मागच्या पानावर नव्हते, म्हणून पद्धत तपासण्याची सोयही त्यांनी स्वतःच केली.

हे थोड्या प्रमाणात आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. नाणी वेट कॅन्टीनच्या गल्ल्यात आहेत, प्रत्येकावर साल आहे आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तराजू आहे. एकाच किमतीची आणि एकाच प्रकारची नाणी घ्यायची, सालवार ढीग करायचे, एकेक तोलायचे आणि प्रत्येक ढिगाची सरासरी व प्रमाण विचलन काढायचे. हल्लीची नाणी चांदीपेक्षा पुष्कळ कठीण धातूची असतात. त्यामुळे फरक दिसेल की नाही, आपल्या तराजूला तो पकडता येईल की नाही, आणि किती नाणी तोलली म्हणजे खात्रीने बोलता येईल, हे प्रश्न उभे राहतील. त्यांची उत्तरे शोधायला लागलो की पुस्तकातला पुढचा धडा आपोआप सुरू होतो.